हात मागे, डोळे पुढे

एप्रिलचा दुसरा पंधरवडा उजाडला, की परीक्षा आटोपलेल्या घरांतून एकच चर्चा सुरू होते : सुट्टीत मुलांचे काय करायचे? पोहणे, बुद्धिबळ, नाट्यशिबिर, रोबोटिक्स या यादीत आता प्राण्यांच्या शिबिरांचीही भर पडली आहे. सकाळी आठला मुलाला सोडायचे, दुपारी साडेबाराला आणायचे. मधल्या वेळात पक्षिनिरीक्षण, सापांची ओळख, गोठ्याला भेट, एखाद्या दिवशी प्राणिसंग्रहालय. ऊन चढले की सावलीत बसून मातीचे हत्ती आणि कागदाचे मुखवटे. नाव नोंदवले की सोबत द्यायच्या सामानाची यादी येते : टोपी, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, बूट, वही-पेन्सिल. भडक कपडे नकोत, मातकट किंवा हिरवे चालतील, अशी सूचना असेल तर त्यासाठी बाजारात एक फेरीही होते.

मे महिन्याच्या उन्हात टोपी आणि पाणी विसरून चालत नाही, तेव्हा ही यादी हवीच. पण अशा शिबिराला दोन बाजू असतात. मुलांच्या बाजूने पालकांनी अर्ज भरलेला असतो. दुसऱ्या बाजूला ससा असतो, गाय असते, झाडावरचा कावळा असतो आणि पिंजऱ्यातला बिबट्या असतो. त्यांना कोणी विचारलेले नसते. मुलाची खरी तयारी त्यांच्याशी गाठ पडण्याची करायची आहे. ती सॅक भरण्याच्या किती तरी आधी, घरातच सुरू करावी लागते.

आणि ती सुरू होते मोठ्यांपासून. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या फ्रीडरिके गेरुल आणि रोनाल्ड रॅपी यांनी २००२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा ते वीस महिन्यांच्या बाळांसमोर त्यांनी रबरी साप आणि रबरी कोळी ठेवला. त्याच वेळी बाळाच्या आईने एकदा हसरा चेहरा करायचा, एकदा भ्यालेला. ज्या खेळण्याकडे बघून आईचा चेहरा भ्याला होता, त्यापासून बाळे नंतर दूर राहिली. दहा मिनिटांनी पुन्हा समोर ठेवले तरीही. त्यांना साप म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. त्यांनी आईचा चेहरा वाचला होता.

याची दुसरी बाजूही अभ्यासकांनी पाहिली आहे. व्हनेसा लोब्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहानग्यांना एका खोलीत छान छान खेळणी आणि बंद पेट्यांमधले जिवंत प्राणी असे दोन्ही दिले. मुले खेळण्यांपेक्षा प्राण्यांपाशीच जास्त रमली. त्या प्राण्यांत मासा आणि हॅमस्टर होते, तसे साप आणि कोळीही होते. म्हणजे ओढ मुलात आधीपासून असते. ती पुढे कुठे जाते, याचे उत्तर पुष्कळदा आपल्याच स्वयंपाकघरात सापडते. भिंतीवर पाल दिसली, की ‘ईऽऽ, शी!’ आणि मागोमाग झाडू.

म्हणून शिबिराच्या तयारीला सगळ्यात सोपी जागा म्हणजे ट्यूबलाइटखालची तीच भिंत. रात्रीची जेवणे झाली, की मुलाला घेऊन दहा मिनिटे पालीकडे बघत बसावे. आधी ती नुसतीच चिकटलेली दिसते. मग एखादे पाखरू दिव्याभोवती घिरट्या घालत भिंतीला टेकते. पाल मान किंचित वळवते, दोन पावले सरकते, पुन्हा थांबते. शेपटीचे टोक हलते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पाखराचे पंख तिच्या तोंडाबाहेर फडफडत असतात. ती पापण्या मिटत नाही, जिभेनेच डोळा पुसते, हे मुलाच्या पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा भीतीची जागा प्रश्न घेतात. ज्या आईला किंवा बाबाला पालीची खरोखरच भीती वाटते, त्यांनी ती लपवण्याचीही गरज नाही. ‘मलाही भीती वाटते, पण ती आपल्या अंगावर येणार नाही, आपण इथूनच बघू,’ एवढे म्हटले तरी पुरते. भीती वाटत असतानाही नीट बघता येते, हे मूल त्यातूनच शिकते.

दुसरा मुद्दा हाताचा. मुलांना प्राणी दिसला की हात लावायचा असतो, आणि मोठ्यांना त्याचा फोटो काढायचा असतो. यातून मग सशाला कानांनी उचलले जाते, पिल्लू एका कुशीतून दुसऱ्या कुशीत फिरते आणि कासव उलटे करून पाहिले जाते. शिबिराला जाण्याआधी मुलाशी एक करार करता येतो : हात मागे बांधायचे, डोळे पुढे ठेवायचे. शिबिरातले ताई-दादा ‘आता लाव’ म्हणाले, तरच हात पुढे. तोही पाठीवर, केसांच्या दिशेने, चेहऱ्यावर नाही. प्राणी सरकून लांब गेला तर त्याने ‘नको’ म्हटले आहे, असे समजायचे. घरात मांजर असेल तर हा सराव रोज होतो. मांजर उठून गेली, की तिच्यामागे जायचे नाही.

यामागे नुसते सौजन्य नाही, कायदाही आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणिसंग्रहालयात प्राण्याला डिवचणे, इजा करणे, खायला घालणे किंवा गोंगाट करून त्याला त्रास देणे यांना मनाई आहे. काचेवर टकटक करणारे मूल आणि त्याला ‘जोरात वाजव, मग उठेल’ असे सांगणारे काका हे दृश्य मात्र राणीच्या बागेपासून कात्रजपर्यंत कुठेही दिसते. सिंह दिवसातले सोळा ते वीस तास पडून असतो. भर दुपारी झोपलेला सिंह हा अगदी नीट वागणारा सिंह आहे. हे आधी सांगितलेले असले तर मूल हिरमुसत नाही. उलट त्याच्या पोटाची हालचाल मोजत उभे राहते.

आणि हात धुणे. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकायला बंदी घातली गेली, कारण ती हाताळून, तोंडाशी नेऊन लहान मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होत होता. कासव निरोगी दिसत असले तरी हे जंतू त्याच्या अंगावर असू शकतात. गोठा, कोंबड्या, ससे, कासव यांपैकी कशालाही हात लागला, तर साबणाने खळखळून हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर मोठ्या माणसाने शेजारी उभे राहूनच हे करून घ्यावे.

शिबिरात वाघ भेटेल न भेटेल, वाटेत कुत्रा हमखास भेटणार. म्हणून सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो कुत्र्यांना. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावा घेतलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुले असतात, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त भारतात होतात. हा आजार एकदा उमटला की त्यावर उपाय जवळजवळ नाही; तो उमटण्याआधी मात्र पूर्णपणे टाळता येतो.

मुळात चावाच टळावा यासाठी कॅनडात सुरू झालेल्या ‘डॉगगॉन सेफ’ या संस्थेने मुलांना शिकवायची एक युक्ती रूढ केली आहे : झाड हो. अनोळखी कुत्रा अंगावर आला, की पळायचे नाही, किंचाळायचे नाही. जागच्या जागी थांबायचे, हात म्हणजे फांद्या, त्या समोर दुमडून घ्यायच्या. नजर पायांच्या मुळांकडे लावायची आणि मनात आकडे मोजायचे. पळणाऱ्या मुलाचा पाठलाग होतो, उभ्या राहिलेल्या झाडाला हुंगून कुत्रा बहुतेकदा निघून जातो. हे तोंडी सांगून भागत नाही. पार्किंगमध्ये बाबांनी कुत्रा व्हायचे, मुलाने झाड. चार संध्याकाळी हा खेळ झाला, की प्रसंगी अंग आपोआप थांबते. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ आणि पिल्लांजवळच्या कुत्रीकडे जायचे नाही. पाळलेला कुत्रा असेल तर मालकाला विचारायचे. आणि मालक ‘काही करत नाही हो तो’ म्हणाला तरी कुत्रा मागे सरकत असेल तर त्याला मोकळे सोडायचे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की चावले, ओरखडले तर लगेच सांगायचे. ‘तूच खोडी काढली असशील’ म्हणून मार बसेल, या भीतीने मुले जखम लपवतात, आणि इथेच घात होतो. ‘काहीही झाले तरी मी रागावणार नाही’ हे वचन पालकांनी आधी, शांतपणे देऊन ठेवायला हवे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, तिखट, चुना काहीही लावायचे नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करून ठरलेले सगळे डोस पुरे करायचे.

भीती आणि हात यांच्यानंतर येते थांबणे, आणि आजच्या मुलांना सगळ्यात जड जाते ते हेच. पडद्यावरचा चित्ता दहा सेकंदांत हरणाला गाठतो. खऱ्या झाडावरचा तांबट पाच-पाच मिनिटे नुसता ‘टुक टुक’ करतो आणि दिसतच नाही. थांबायला शिकण्यासाठी मे महिन्यात शहराच्या मधोमध उत्तम शाळा भरलेली असते : कावळ्याचे घरटे. काटक्या, तारांचे तुकडे घेऊन कावळ्यांची ये-जा सुरू झाली, की गॅलरीतून रोज सकाळी थोडा वेळ बघायला बसावे. काळाभोर नर कोकीळ जवळपास ओरडत असतो, कावळे त्याच्या मागे लागतात. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी, जिला पुष्कळ जण कोकिळा म्हणून ओळखतही नाहीत, ती पानांआड दबा धरून असते. ती आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते, आणि तिचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या दोन-तीन दिवस आधीच अंड्याबाहेर येते. सलग काही सकाळी हे पाहिलेले मूल शिबिरातल्या पक्षिनिरीक्षणात ‘कंटाळा आला’ म्हणत नाही.

याच दिवसांत झाडाखाली पिल्लू सापडते आणि मुले ते बुटाच्या खोक्यात घालून घरी आणतात. पंखांवर पिसे आलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू बहुधा हरवलेले नसते. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच्या फांदीवर असतात. मांजरापासून दूर, झुडपात ठेवून लांब सरावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा समज खरा नाही.

थांबण्याला घरातून साथ मिळाली तर काय होते, याचे उदाहरण चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांचे आहे. चार-पाच वर्षांची जेन एके दिवशी दिसेनाशी झाली. शोधाशोध झाली, पोलिसांना कळवले गेले. ती तासन् तास खुराड्यात दडून बसली होती, कोंबडी अंडे कुठून आणि कसे घालते हे बघायला. गवताने माखलेली मुलगी धावत आली तेव्हा तिची आई, व्हॅन, रागावली नाही. खाली बसून तिने सगळी हकीकत ऐकून घेतली. १९६० साली गोंबेच्या जंगलात तरुण मुलीला एकटीने राहू द्यायला अधिकारी तयार होईनात, तेव्हा सोबत म्हणून हीच आई आताच्या टांझानियाला गेली. चिंपांझी काडीचे हत्यार करून वारुळातून वाळवी काढतात हे निरीक्षण त्याच वर्षीचे.

नावे शिकवताना मुलांच्या स्मरणशक्तीची काळजी नको. ॲन्ड्र्यू बाल्मफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ‘सायन्स’मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांची एक पाहणी मांडली होती. आठ वर्षांची मुले पोकेमॉनमधली सुमारे ७८ टक्के पात्रे ओळखत. आपल्याच परिसरातल्या प्राणी-वनस्पतींपैकी मात्र ५३ टक्केच. डोक्यात जागा भरपूर आहे, कोणी काय भरते एवढाच प्रश्न. डायनोसॉरची अवघड नावे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार मुख्य विषारी साप आणि धामण, दिवड, नानेटी, कवड्या हे बिनविषारी साप शिकायला दोन संध्याकाळी लागतात. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि हरियाल हा राज्यपक्षी, हेही त्यात सहज बसते. ओळखता आले म्हणून जवळ जायचे नाही, हे मात्र प्रत्येक वेळी सोबत सांगायचे. साप दिसला की जागेवरून मागे व्हायचे आणि मोठ्यांना हाक मारायची.

नावांबरोबर घरात चालत आलेल्या समजुतीही निघतात. साप दूध पितो, घुबड अभद्र असते, मांडूळ घरात ठेवले की धन मिळते. या समजुतींची किंमत प्राणी मोजतात. मांडुळांची तस्करी याच वेडापायी चालते. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ साली उलूक महोत्सव सुरू केला, तो हे ओझे मुलांच्या डोक्यावरून उतरवण्यासाठीच. पिंगळा आणि गव्हाणी घुबड शेतातले उंदीर खातात, हे शेतकऱ्याच्या मुलाला कळते तेव्हा घुबडाकडे बघण्याची त्याची नजर बदलते. आजीची समजूत खोडताना आजीचा पाणउतारा मात्र होऊ नये. ‘आजी, चल, आपण बघू या’ म्हणून तिलाही गॅलरीत बोलवावे.

लांबून बघण्यातला आनंद किती मोठा असतो, हे मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कळते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे गावकऱ्यांच्या साथीने सागरी कासवांची घरटी राखली. ऑलिव्ह रिडलेची तळहाताएवढीही नसलेली पिल्ले वाळूवर सोडली जातात आणि स्वतःच्या वल्ह्यांसारख्या पायांनी समुद्राकडे निघतात. मुले दोरीच्या मागे उभी असतात. एखादे पिल्लू लाटेने उलटे होते, मागे फेकले जाते, पुन्हा वळते. ‘उचलून पाण्यात ठेवू का?’ असे कोणी तरी विचारतेच, आणि उत्तर ‘नाही’ असते. ते अंतर त्याला त्याच्या पायांनीच चालायचे असते. शिबिराआधी मुलांना असे काही दाखवता आले, तर दोरीच्या मागे का थांबायचे हे वेगळे समजवावे लागत नाही.

शिबिरात मुलांना अवघड प्रश्न पडतात, त्यांचीही तयारी हवी. ‘तो पिंजऱ्यात का आहे? त्याने काय केले?’ जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रातल्या बिबट्यांबद्दल असे विचारले, तर खरे ते सांगावे : काही जखमी होऊन आले, काही आईपासून ताटातूट झालेले बछडे म्हणून आले, काहींना पुन्हा सोडता येत नाही. आणि त्याच जुन्नरमध्ये उसाच्या शेतांजवळ राहणाऱ्या मुलांना बिबट्याची भीती वाटते ती गोष्टीतली नाही, रोजच्या जगण्यातली आहे, हेही शहरी मुलाला सांगावे. राणीच्या बागेत २०१६ साली आणलेल्या आठ हम्बोल्ट पेंग्विनपैकी एक त्याच वर्षी मरण पावला, तेव्हा घरोघरी मुलांनी ‘का?’ विचारले असणार. उत्तर माहीत नसेल तर तसे म्हणावे आणि जाणकाराला विचारावे. १९०८च्या सुमारास, पुढे पक्षितज्ज्ञ झालेल्या लहानग्या सालिम अलीने मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी त्याच्या मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना ओळखता आली नाही. त्यांनी काही तरी ठोकून दिले नाही. भाच्याला चिठ्ठी देऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी तर ओळखलाच, शिवाय पक्ष्यांच्या संग्रहाचे खण उघडून दाखवले.

शिबिर निवडतानाही पालकांनी थोडी चौकशी करावी. किती मुलांमागे एक ताई किंवा दादा? प्राणी कुठून येतात आणि दुपारी त्यांना सावली, विश्रांती मिळते का? कोणी ‘मुलांच्या गळ्यात साप घालून फोटो काढतो’ अशी जाहिरात करत असेल तर तिथे मूल पाठवू नये. रानातला साप परवानगीशिवाय पकडून बाळगणे हा गुन्हा आहे आणि मुलाच्या जिवाशी खेळही.

शिबिर संपते, मूल घरी येते आणि दुसऱ्याच दिवशी मागणी होते : आपणही पाळू या ना! देशी पोपट आणि चांदणी कासव घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे सांगून त्या दोघांचा विषय मिटतो. ससा, मांजर, कुत्रा यांचा मिटत नाही. ससा आठ-दहा वर्षे जगतो. आज तिसरीत असलेले मूल तोवर महाविद्यालयात गेलेले असेल. अशा वेळी सरळ नकार देण्याऐवजी आधी एक जबाबदारी द्यावी. गॅलरीच्या सावलीत पक्ष्यांसाठी मातीचे उथळ भांडे, रोज सकाळी घासून, नवे पाणी भरून. डास होऊ नयेत म्हणून शिळे पाणी एक दिवसही ठेवायचे नाही. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, दुसऱ्यात आठवण करून द्यावी लागते. आणि मग मामाच्या गावाला जायची तिकिटे निघतात. ‘आपण नसताना पाणी कोण घालणार?’ हे मुलाने स्वतःहून विचारले, तर कुत्र्याच्या पिल्लाचा विषय घरात पुन्हा काढायला हरकत नाही. आणि शेजारच्या काकूंना भांड्याचे सांगायला त्यालाच पाठवावे.